पाठमोरी

"गेली बिचारी," शेजारच्या खुर्चीतली बाई कुजबुजली आणि तिने पर्समधून रुमाल काढला.

कवळीबाई दचकल्या. कोण गेलं, कुठे गेलं, हे कळायला त्यांना एक क्षण लागला. आणि कळलं तेव्हा छातीत धस्स व्हायच्या ऐवजी हसूच फुटायला आलं, कारण जी गेली म्हणून शेजारीण डोळे पुसत होती ती बाई म्हणजे त्या स्वतःच होत्या. समोर पडद्यावर आता नुसतं एक रिकामं स्टूल होतं, टेबलावर विझलेला दिवा होता आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात गुलाबी मेणाचा एक गोळा हळूहळू पसरत चालला होता. त्या गोळ्याची मघापर्यंत बाई होती. बारकी, घट्ट अंबाड्याची, कायम पाठमोरी बसून काम करणारी. तिच्या मागे खाटेवर एक मुलगी होती, आणि मुलीचा बूट फाटला की ती बाई आपल्या दंडाचा चिमटा काढून बूट बुजवायची, दप्तराचा पट्टा तुटला की खांद्यातून, खिडकीची फट बुजवायला पोटातून. असं करता करता मुलगी दारातून बाहेर पडण्याएवढी मोठी झाली आणि बाई काडेपेटीत मावेल एवढी उरली. मग तीही उरली नाही. पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं वर चढू लागली आणि त्यांत कवळीबाईंना आपल्या लेकीचं नाव दिसलं. म्युझियमच्या त्या तळघरातल्या लहानशा सभागृहात टाळ्या सुरू झाल्या तशा त्याही वाजवू लागल्या. वाजवता वाजवता त्यांनी डाव्या हाताने उजवा दंड हळूच चाचपून पाहिला. दंड जागच्या जागी होता. चांगला भरलेला होता. या हिवाळ्यात कोटाची बाही त्यांना घट्टच व्हायला लागली होती.

कवळीबाई हे नाव त्यांना दातांच्या डॉक्टरकडच्या नर्सने ठेवलं होतं, आणि ते इतकं जुनं झालं होतं की आता खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर त्या मागे वळून दुसरं कोणी आहे का बघत. डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा पाठवायचा. कवळीबाई स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायच्या, त्यात एकेक दात उभा करायच्या, वाकडा वाटला तर काढून पुन्हा लावायच्या. सगळं घरच्या टेबलावर, खिडकीशी. नवरा एका थंडीत तीन दिवसांच्या आजारपणात गेला तेव्हा ठमी, म्हणजे लेक, नुकती शाळेत जायला लागली होती. ठमी लहानपणापासून त्या टेबलाखाली वाढली. खाली पडलेल्या मेणाच्या कपच्या गोळा करून ती हत्ती करायची, सशाची पिल्लं करायची, एकदा तर अख्खी शाळा केली होती तिने, मास्तरीणबाईंसकट, आणि मास्तरीणबाईंच्या तोंडात एक खराखुरा दात बसवला होता. तो दात एका म्हाताऱ्याच्या कवळीतला होता, आणि दुपारभर कवळीबाई तो घरभर शोधत होत्या.

या कार्यक्रमाचं त्यांना ठमीने सांगितलं नव्हतं. सांगितलं डॉक्टरने. "तुमच्या ठमीची फिल्म लागलीय ना म्युझियममध्ये रविवारी? आम्हाला जमणार नाही, तुम्ही तर जाणारच," असं तो हात धुता धुता म्हणाला, आणि कवळीबाई "हो तर, जाणारच" म्हणून मोकळ्या झाल्या. घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. "रविवारी काय करतेयस?" "काही नाही गं, कामातच आहे." "बरं बरं, कर काम," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि पुढे दोन दिवस त्या स्वतःशी वाद घालत राहिल्या. नाही सांगितलं म्हणजे आपण यावं असं तिच्या मनात नाही. पण येऊ नकोस असंही ती म्हणाली नाही. तिकीट काढून सगळं जग जाऊ शकतं, मग मी का नाही? मी काय तिच्या घरात घुसतेय? रविवारी दुपारी त्यांनी कोटाची कॉलर वर केली, डोक्याला रुमाल बांधला आणि दिवे मालवल्यावर चोरासारख्या येऊन शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या. लेकीच्या चित्रपटाआधी एका म्हाताऱ्या चित्रकारावरचा माहितीपट होता. तो रोज सकाळी उठून तेच एक मडकं रंगवायचा. कवळीबाईंना तो फार आवडला. आपल्यासारखाच आहे, त्यांना वाटलं. रोज तेच तोंड, पण दर वेळी वेगळं. मग नुसत्या रेघांचा नाच होता. तो काही त्यांना कळला नाही, पण रेघा मजेत होत्या यात शंका नव्हती. आणि मग ठमीचं नाव, आणि गुलाबी मेण, आणि पाठमोरी ती.

पाठ. त्यांना सगळ्यात आधी खटकली ती पाठ. माणसाला आपली पाठ कधी दिसत नाही. दुकानाच्या दोन आरशांत चुकून दिसली तर ती कुणा परक्या बाईचीच वाटते. आणि ही तर इथे भिंतीएवढी, मानेखालचं हाडसुद्धा नेमकं, डावा खांदा उजव्याहून जरासा खाली; सुरी उजव्या हातात धरून जन्मभर काम केलं की तसंच होतं. म्हणजे ही पोरगी त्या टेबलाखाली, त्या खाटेवर, एवढी वर्षं हेच बघत होती. आपण दातांकडे बघत होतो आणि ती आपल्याकडे. आपल्याला वाटायचं, ती हत्ती करतेय. त्यांना एकदम उघड्यावर बसल्यासारखं वाटलं, जसं कोटाला मागून भोक पडलंय आणि वाटेत भेटलेल्या सगळ्यांना ते दिसलंय, फक्त आपल्याला नाही. पण ती अस्वस्थता फार वेळ टिकली नाही. तिच्या तळाशी कुठेतरी उबदार काहीतरी होतं. इतकं नीट बघितलंय मला कुणीतरी, असं काहीतरी.

तरी एक गोष्ट गळ्यात अडकली होतीच. चित्रपटाच्या मधोमध एक जागा होती. खाटेवरची मुलगी जागी होते. खिडकीचा पडदा पिवळा, उन्हाने पेटलेला. बाई पाठमोरी बसली आहे. आणि तिचे खांदे हलू लागतात, आधी हळू, मग जोरात. आवाज नाही. दिव्यावरच्या सुरीतून धुराची एक बारीक दोरी वर जाते आणि ते खांदे हलतच राहतात. मुलगी डोळे गच्च मिटून घेते. इथेच सभागृहात पहिल्यांदा नाकं ओढल्याचा आवाज आला होता. त्यानंतरच बाई स्वतःला चिमटे काढून द्यायला लागते. कवळीबाई अंधारात बसून आठवत राहिल्या. मी अशी कधी रडले? रडल्या नव्हत्या असं नाही. नवरा गेल्यावर तो पूर्ण हिवाळा त्या रडल्या होत्या, पण टेबलाशी नव्हे. न्हाणीघरात. नळ पूर्ण सोडायचा, दाराला आतून कडी घालायची, बादली भरून वाहायला लागेपर्यंत रडायचं, तोंड धुवायचं आणि बाहेर यायचं. ही शिस्त त्यांनी कधी मोडली नव्हती. टेबलाशी रडणं परवडणारं नव्हतं. हात हलला तर दात हलतो. मग हे पोरीने कुठून काढलं? मनाने रचलं? रचू दे. चित्रपट आहे तो. रेघा नाचतात तिथे मी रडले तर काय बिघडलं. पण ती धुराची दोरी? ती मनाने रचण्यातली वाटत नव्हती. मेण कधी जळू द्यायचं नाही, जळलं की घरभर वास सुटतो आणि रंग काळपट होतो. आपल्या हातून मेण जळलं असेल तर एखाद्याच वेळी, आणि तेव्हा असं काय झालं होतं की सुरीकडे लक्षच राहिलं नाही?

दिवे लागले. म्युझियमचा एक चष्मेवाला अधिकारी पुढे येऊन म्हणाला की चित्रपट करणाऱ्या आपल्यातच आहेत, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारावं. पहिल्या रांगेतून ठमी उठली. कवळीबाईंनी रुमाल कपाळावर पुढे ओढला. किती हडकलीय ही! केस तिने स्वतःच कापलेत, मागून वाकडे आहेत. माइक दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली, थेट दिव्यासमोर, त्यामुळे तिला पहिल्या दोन रांगांपलीकडचं काही दिसत नसणार हे कवळीबाईंच्या लक्षात आलं आणि त्या जराशा सैलावल्या.

एका दाढीवाल्याने मेण का निवडलं ते विचारलं. ठमीने सांगितलं, घरी तेच होतं म्हणून. लोक हसले. मग कवळीबाईंच्या शेजारणीने हात वर केला. तिच्या अंगावर निळी शाल होती, आणि रुमाल अजून हातातच होता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला प्रश्न नाही विचारायचा. मला एवढंच सांगायचंय की तुमच्या आई जिथे असतील तिथून हे बघत असतील."

"हं?" ठमी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "नाही, नाही. आई आहे की. चांगली ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा जोरात चालते."

सभागृहात सुटकेचं हसू पसरलं. निळी शालवाली मात्र खाली बसली ती जराशी फसवल्यासारखी. "मग असं दाखवायचं कशाला माणसाने?" ती कवळीबाईंकडे वळून पुटपुटली. "मी उगाच एवढी रडले."

"रडणं काही वाया जात नाही," कवळीबाई म्हणाल्या. तेवढंच सुचलं.

मग एका तरुण पोरीने तो प्रश्न विचारला. पाठमोऱ्या बाईचे खांदे हलतात ते खरं का, असं काही झालं होतं का. ठमीने माइक जवळ घेतला. माइकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. "झालं होतं," ती म्हणाली. "मला ताप होता. दुपार होती. मी शाळेत नव्हते, झोपले होते. जाग आली तेव्हा फोन नुकता ठेवल्याचा आवाज झाला आणि आई टेबलाशी जाऊन बसली. आणि मग… जे तुम्ही पाहिलंत ते. मेण जळल्याचा वास येत होता. आईच्या हातून मेण कधी जळत नाही. मी डोळे मिटून घेतले. तिला कळू दिलं नाही की मी जागी आहे. वडील नव्हते, आणि मला वाटलं, हे माझ्यामुळे आहे. माझ्या तापामुळे, शाळेमुळे, बुटांमुळे. मी तिला आजपर्यंत विचारलेलं नाही. हा चित्रपट तिला दाखवलेलाही नाही. तिने ते माझ्यापासून लपवलं होतं, मग मी ते तिच्यासमोर भिंतीवर कसं लावू?"

फोन. ताप. दुपार. जळलेल्या मेणाचा वास त्यांच्या नाकात असा शिरला की त्यांनी मान फिरवून इकडेतिकडे पाहिलं. आणि त्यांना सगळं आठवलं, पिवळ्या पडद्यासकट.

ठमी दोन रात्री तापाने झोपली नव्हती आणि त्या दुपारी पहिल्यांदा डोळा लागला होता. फोन वाजला तसा कवळीबाईंनी धावत जाऊन तो पहिल्याच घंटीला उचलला. डॉक्टर होता. आवाज कापत होता बिचाऱ्याचा. "घोटाळा झालाय," तो म्हणाला. त्याच्याकडे त्या आठवड्यात दोन कवळ्या गेल्या होत्या. एक निवृत्त न्यायाधीशाची, एक खाटकाची. नर्सने डबे बदलले. न्यायाधीशाची खाटकाला आणि खाटकाची न्यायाधीशाला. "अरे देवा," कवळीबाई म्हणाल्या, "मग परत मागवा ना." "मागवल्या!" डॉक्टर म्हणाला. "देत नाहीत! न्यायाधीश म्हणतात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला नीट चावता येतंय, हात लावाल तर याद राखा. आणि खाटीक म्हणतो, आता माझं बोलणं कसं साफ येतं, गिऱ्हाईक ऐकत उभं राहतं. दोघंही तुमची तारीफ करतायत. मी काय करू?" "काही करू नका," एवढं म्हणून कवळीबाईंनी फोन ठेवला आणि टेबलाशी येऊन बसल्या. सुरी हातात घेतली, दिव्यावर धरली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो न्यायाधीश उभा राहिला, खाटकाच्या दातांनी मटणाचा तुकडा तोडणारा, आणि तो खाटीक, सुरा परजत निकाल सुनावणारा. हसू पोटातून आलं ते आवरेना. पोर नुकती झोपलेली. त्यांनी ॲप्रनचं टोक तोंडात कोंबलं. डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, बरगड्या दुखायला लागल्या, सुरीवरचं मेण जळून गेलं तरी त्यांना शुद्ध नव्हती. नवरा गेल्यानंतर त्या पहिल्यांदा हसल्या होत्या. इतकं हसू आपल्यात अजून शिल्लक आहे हे बघून त्या स्वतःच चकित झाल्या होत्या. त्या दुपारपासून घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं, हेही त्यांना आता आठवलं.

आणि त्याच दुपारी खाटेवर एका पोरीने डोळे गच्च मिटून घेतले होते, आणि ते आजतागायत मिटलेलेच होते.

त्यांचा हात आपोआप वर जाऊ लागला. चष्मेवाल्याने तो पाहिला आणि माइक घेऊन तो रांगेतून सरकत त्यांच्याकडे यायला निघाला. कवळीबाईंच्या जिभेवर सगळं तयार होतं. अगं वेडे, मी हसत होते! सांगून टाकलं की झालं. सगळं सभागृह हसेल, ठमीच्या मानेवरचं ओझं उतरेल. पण माइक येईपर्यंतच्या त्या दहा पावलांत त्यांनी आजूबाजूला पाहिलं. प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुण पोरीने चेहरा ओंजळीत धरला होता. दाढीवाला कुठेच न बघता बसला होता. या सगळ्यांनी त्या खांद्यांमध्ये आपापली कुणी ना कुणी बाई पाहिली होती. त्यांपैकी कितीतरी खरंच रडल्या असतील. आणि आपणही रडलोच होतो की. पोरीने बघितला तो दिवस चुकीचा होता, पण तिला दिसलं ते काही खोटं नव्हतं; न्हाणीघराच्या कडीमागे जे होतं ते तिने पिवळ्या पडद्यापाशी आणून ठेवलं, एवढंच. आता इथे उभं राहून चारचौघांत लेकीच्या चित्रपटाची मान मुरगळायची? दिव्यासमोर एकटी उभी आहे ती, वाकड्या केसांनी. चष्मेवाल्याने माइक पुढे केला. कवळीबाईंनी मान हलवली आणि बोटाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, जणू हात त्यासाठीच वर केला होता.

पुढच्या माहितीपटाआधी थोडी सुट्टी होती. लोक वर कॉफी प्यायला गेले. कवळीबाई जिन्याच्या कोपऱ्यात एका दगडी पुतळ्याच्या आडोशाला थांबल्या, आणि ठमी एकटी वर आली तशी त्यांनी हाक मारली, "ठमे."

ठमी पायरीवरच थांबली. "आई? तू… तू आत होतीस?"

"शेवटून दुसऱ्या रांगेत. छान केलंयस. डावा खांदा खाली दाखवलास, तो तर फारच छान."

"आई, मी तुला सांगणार होते. मला वाटलं, तुला आवडणार नाही. तू ते कधी कुणाला…"

"इकडे ये," कवळीबाई म्हणाल्या, "या पुतळ्यामागे ये. आणि ओरडू नकोस." आणि त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं, फोन, नर्स, डबे, न्यायाधीश, खाटीक, तोंडातला ॲप्रन. सांगताना ठमीच्या चेहऱ्याकडे बघायची त्यांना भीती वाटत होती, म्हणून त्या पुतळ्याच्या पायांकडे बघत बोलल्या.

ठमी दातओठ खात म्हणाली, "तीन वर्षं. आई, तीन वर्षं मी ते खांदे हलवतेय. रोज केसाकेसाने सरकवून. रडत रडत. आणि तू हसत होतीस?"

"मला काय माहीत, तू जागी होतीस ते!"

"म्हणजे तू कधी रडलीच नाहीस?"

"रडले की. न्हाणीघरात. नळ सोडून."

ठमीने आईकडे पाहिलं. "तो नळ मला ऐकू यायचा," ती सावकाश म्हणाली. "मला वाटायचं, आईला आंघोळ किती आवडते." आणि तिने एकदम आईच्या कोटात तोंड खुपसलं, इतक्या जोरात की कवळीबाईंची पाठ पुतळ्याला टेकली. थोड्या वेळाने त्यांना कोटाच्या आतून आवाज आला. "पण आई… त्या खाटकाने… निकाल कसा…" आणि तिला पुढे बोलता येईना.

नेमकी त्याच वेळी निळी शालवाली कॉफीचा कप घेऊन तिथून चालली होती. तिला दिसली ती ठमीची पाठ आणि गदगदा हलणारे खांदे. तिने कप पुतळ्याच्या चौथऱ्यावर ठेवला आणि ठमीच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "नको गं रडू, बाळ. आई आहे ना तुला अजून."

"रडत नाहीये ती," कवळीबाई म्हणाल्या. "हसतेय."

"हसतेय?" शालवालीने निरखून पाहिलं. "अशी?"

"अशीच हसते. आईवर गेलीय."

शालवालीने एकदा ठमीकडे, एकदा कवळीबाईंच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडाचा आ झाला. "अगंबाई! म्हणजे मघाशी मी तुम्हालाच…"

"हो. पण तुम्ही इतकं मनापासून रडलात, मला मध्ये बोलवेना."

कॉफी थंड होईपर्यंत त्या तिघी तिथेच उभ्या होत्या. शालवालीला सगळी हकीकत हवी होती, पण कवळीबाईंनी ती काही सांगितली नाही, आणि आपल्या नकळत त्यांनी बोट ओठांवर नेलेलं ठमीने पाहिलं. शालवाली गेल्यावर ठमी म्हणाली, "शेवट बदलते मी. आणि मधलंही. ॲप्रन दाखवायला हवा तोंडात."

"काही बदलायचं नाही."

"पण ते खरं नाहीये, आई."

"सभागृहातल्या लोकांना विचार खरं आहे की नाही ते. ती तुझी बाई आहे, ठमे. तिला रडू दे. मी माझी मी आहे, मला काही झालेलं नाही. फक्त एक लक्षात ठेव, मी विरघळले वगैरे नाही. दात बसवायला मला आवडायचं. तुझे बूट घ्यायला आवडायचं. मी मजेत होते. हे तुला माहीत असलं की झालं. त्यांना नसलं तरी चालेल."

खाली घंटा वाजली. पुढचा माहितीपट सुरू होत होता, डोंगरात राहून दगड फोडणाऱ्या कुणा शिल्पकार बाईवरचा. ठमीने जिन्याकडे पाहिलं, मग आईकडे. "बघायचाय तुला?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "त्यापेक्षा माझी खोली बघतेस? काम करते ती. जवळच आहे. तू कधी आलीच नाहीस."

"तू बोलावलं नाहीस."

"आता बोलावतेय."

बाहेर ऊन उतरलं होतं आणि रविवारचे रस्ते रिकामे होते. कवळीबाई नेहमीसारख्या दोन पावलं पुढे जायच्या आणि मग थांबायच्या. एका छापखान्याच्या वर, चार जिने चढून गेल्यावर, एक दार होतं. त्याला कुलूप नव्हतं, नुसती दोरी बांधलेली. आत खिडकीला काळा कागद लावलेला. दिवा लागल्यावर कवळीबाईंना टेबलावर एक अख्खा रस्ता दिसला, पुठ्ठ्याचा, दोन्ही बाजूंना दुकानं, एका दुकानासमोर सायकल, आणि सायकलशेजारी वीतभर उंचीचा एक टपालवाला, एक पाय उचललेला.

"हा कुठे चाललाय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही अजून. मधेच थांबलाय. गेल्या आठवड्यापासून याच पायावर उभा आहे. सूर्य मावळायला हवाय त्याच्यामागे, आणि मला दोनच हात आहेत." ठमीने भिंतीवरून एक लांब दांड्याचा दिवा काढून आईच्या हातात दिला. "धरशील? असा. आणि मी सांगितलं की हा एवढासा खाली आणायचा. केसाएवढा. जमेल?"

कवळीबाईंनी कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या वर केल्या आणि दोन्ही पाय जमिनीत रोवून दिवा धरला. पुठ्ठ्याच्या घरांवर पिवळसर ऊन पडलं. ठमी वाकली, टपालवाल्याचा पाय जरासा पुढे केला, त्याची मान जराशी वळवली, मागे झाली, कॅमेऱ्याचं बटण दाबलं. टक्. पुन्हा वाकली. तिच्या वाकड्या कापलेल्या केसांमधून मान दिसत होती.

"खाली," ती म्हणाली.

त्यांनी दिवा केसाएवढा खाली आणला. सावल्या केसाएवढ्या लांबल्या.

"अगं, सुंदर! असंच. आता हलू नकोस."

"किती वेळ?"

"आई, बोललीस की दिवा हलतो."

कवळीबाई गप्प झाल्या. टक्. टपालवाला आणखी एक पाऊल चालला. हात भरून येत होते आणि नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती. खऱ्या रस्त्यावर अंधार पडला की नाही हे काळ्या कागदाच्या फटीतून दिसलं असतं, पण त्यासाठी मान वळवावी लागली असती, म्हणून त्यांनी ती वळवली नाही.